वाईट बातमी लवकर यावी म्हणून : नव्या शिफ्ट सुपरवायझरसाठी मार्गदर्शन

कारखान्यात काही वर्षे मशीनवर किंवा क्वालिटी विभागात काढल्यानंतर एके दिवशी तुमच्याकडे शिफ्टची जबाबदारी येते. पंधरा-वीस माणसे, आठ-दहा मशीन आणि दर तासाला भरायचा उत्पादनाचा फलक तुमच्या नावावर होतो. टार्गेट, रिजेक्शन, हजेरी आणि टूलचा खर्च यांचे हिशेब कसे ठेवायचे हे तुम्हाला शिकवले जाते. मात्र तुमच्या हाताखालच्या माणसाला काही खटकले तर तो ते तुमच्याजवळ बोलेल की गप्प बसेल, हे कशावर ठरते, याबद्दल सहसा कोणी काही सांगत नाही. हा लेख तेवढ्या एका गोष्टीबद्दल आहे.

व्यवस्थापनशास्त्रात तिला मानसिक सुरक्षितता म्हणतात. ‘मला शंका आहे’, ‘मला हे जमत नाही’, ‘माझ्या हातून चूक झाली’ किंवा ‘साहेब, तुमचे हे चुकते आहे’ असे बोलल्यामुळे आपला पाणउतारा होणार नाही आणि कोणी मनात डूख धरणार नाही, असा गटातल्या माणसांना वाटणारा भरवसा म्हणजे मानसिक सुरक्षितता. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अनुभवावरून लिहीत आहे. बँकेची शाखा, रुग्णालयातला वॉर्ड किंवा सॉफ्टवेअरचा गट सांभाळणाऱ्यांना शब्द बदलून यातले बरेचसे वापरता येईल.

आधी अर्थ नीट समजून घ्या

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. ज्या गटांत एकोपा आणि नेतृत्व चांगले, तिथे औषधे देण्यातल्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या गटांतच चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आले, की त्या गटांत चुकांबद्दल उघडपणे बोलले जात होते, तर बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि गटाची मानसिक सुरक्षितता व त्याची शिकण्याची वृत्ती यांचा संबंध दाखवून दिला.

हे उदाहरण मी मुद्दाम आधी दिले आहे, कारण नव्या सुपरवायझरची पहिली फसगत इथेच होते. ज्या शिफ्टमधून तक्रार येत नाही ती शिफ्ट उत्तम चालली आहे, असे त्याला वाटते. शून्य तक्रारींचे दोन अर्थ होऊ शकतात आणि रजिस्टर पाहून त्यांतला कोणता खरा, हे कळत नाही.

मानसिक सुरक्षितता म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणे किंवा चुकांवर पांघरूण घालणे असा समज करून घेऊ नका. मापाबाहेरचा पार्ट मापाबाहेरचाच राहतो आणि तो बाजूला काढावाच लागतो. कामाचा दर्जा कडक ठेवायचा आणि त्या दर्जापासून आपण कुठे घसरलो हे सांगणाऱ्या माणसाला अभय द्यायचे, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. यातली एकच बाजू सांभाळणारे सुपरवायझर मी दोन्ही प्रकारचे पाहिले आहेत. ज्यांनी फक्त दर्जा धरला त्यांच्याकडे माल लपवला गेला. ज्यांनी फक्त माणसे सांभाळली त्यांच्याकडे तो कोणी मोजलाच नाही.

पहिली पायरी : स्वतःच्या तोंडी काय येते ते तपासा

सुरुवात स्वतःपासून करावी लागते, आणि हा भाग मला लिहायला सोपा नाही. सुपरवायझर झालो त्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. एका ऑपरेटरने बोअरच्या (पार्टमधल्या गोल छिद्राच्या) मापाबद्दल शंका आली म्हणून मशीन थांबवले. क्वालिटीने तपासल्यावर माप बरोबर निघाले. वीस-पंचवीस मिनिटे वाया गेली होती आणि तासाचा आकडा पडला होता. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, “तुला इथे मशीन चालवायला ठेवले आहे, थांबवायला नाही.” दोन आठवड्यांनी रात्रपाळीत त्याच मशीनवर इन्सर्ट (कापणारे पाते) झिजून माप खरोखरच सरकू लागले. त्याला ते कळले होते. त्याने आपल्या परीने ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बदलला, गेज (माप तपासायचे साधन) थोडे जोर लावून जाते आहे असे वाटले तरी काम चालू ठेवले, आणि मला किंवा क्वालिटीला काही सांगितले नाही. तो माल ग्राहकाच्या लाइनवर गेला. आम्हाला माणसे पाठवून तिथे अनेक दिवस सॉर्टिंग, म्हणजे चांगला-वाईट माल वेगळा करण्याचे काम, करावे लागले. चौकशीत त्याने खाली मान घालून एवढेच सांगितले, “मागच्या वेळी थांबवले तेव्हा बोलणी खाल्ली होती, साहेब.” कागदावर कारण ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असे लिहिले गेले. खरे कारण माझे वाक्य होते आणि ते लिहिण्याचे धाडस त्या वेळी मला झाले नाही.

म्हणून जबाबदारी घेण्यापूर्वी एक आठवडा स्वतःवर लक्ष ठेवा. एक छोटी वही खिशात ठेवा आणि दिवसभरात कोणी प्रश्न, शंका किंवा अडचण घेऊन आले, तर तुमच्या तोंडून निघालेले पहिले वाक्य शब्दशः लिहून ठेवा. ‘एवढेही कळत नाही का?’, ‘आधी सांगायला काय झाले होते?’, ‘तुमचे रोजचेच रडगाणे आहे’, ‘बघू नंतर’ ही वाक्ये त्यात किती वेळा येतात ते आठवड्याच्या शेवटी मोजा. ‘बघू नंतर’ हे त्यांतले सर्वांत निरुपद्रवी दिसते. पण ज्याला दोनदा ‘बघू नंतर’ ऐकावे लागले, तो तिसऱ्यांदा सांगायला येत नाही.

संबोधनाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे वरच्याला ‘साहेब’, बरोबरीच्याला आडनावाने आणि कंत्राटी कामगाराला सरसकट ‘अरे-तुरे’ अशी उतरंड नकळत पाळली जाते. ज्याला ‘ए, इकडे ये’ म्हणून हाक मारली जाते, त्याने तुम्हाला ‘तुमचे सेटिंग चुकले आहे’ असे सांगावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. वयाने मोठ्या माणसाला ‘दादा’, ‘काका’ किंवा ‘मामा’, महिलांना ‘ताई’ किंवा ‘मॅडम’ आणि सर्वांनाच ‘तुम्ही’ म्हणायला काही खर्च येत नाही. ज्यांच्याशी तुमची जुनी मैत्री आहे त्यांना एकांतात खुशाल अरे-तुरे करा.

दुसरी पायरी : पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाशी एकट्याने बोला

प्रत्येकासाठी पंधरा मिनिटे पुरतात. ही बैठक केबिनमध्ये घेऊ नका; केबिनमध्ये बोलावणे म्हणजे मेमो मिळणे, असे समीकरण अनेकांच्या मनात पक्के असते. मशीनशेजारी आवाज असेल, तर चहाच्या सुटीत किंवा स्टोअरच्या बाजूला उभ्याने बोला. लिहून घ्यायचे असेल तर काय लिहिता ते समोरच्याला दाखवा.

‘काही अडचण आहे का?’ असे विचारू नका. आपल्याकडे या प्रश्नाचे एकच उत्तर ठरलेले आहे : ‘नाही साहेब, सगळे व्यवस्थित आहे.’ ज्यांना हो-नाही असे उत्तर देता येणार नाही, असे प्रश्न विचारा. ‘या मशीनवर नव्या माणसाला बसवले, तर त्याला कोणत्या गोष्टीपासून जपायला सांगाल?’ ‘कागदावरच्या पद्धतीत आणि प्रत्यक्ष करावे लागते त्यात कुठे फरक पडतो?’ ‘रात्रपाळीत सर्वांत जास्त धाकधूक कोणत्या कामाची वाटते?’ पहिल्या प्रश्नात माणूस तक्रार करत नाही, सल्ला देतो. म्हणून तो मोकळेपणाने बोलतो आणि आपल्या सगळ्या अडचणी त्यातच सांगून जातो. आणखी एक प्रश्न शेवटी ठेवा : ‘आधीच्या सुपरवायझरच्या कोणत्या दोन गोष्टी मी चालू ठेवाव्यात?’ त्यांना काय टाळायला हवे होते, हे विचारू नका. तुम्ही गेल्यावर तुमच्याबद्दलही असेच विचारले जाईल, एवढे समोरच्याला कळत असते.

या बोलण्यातून हाती आलेल्या अडचणींपैकी एक लहानशी, तुमच्या अधिकारात बसणारी अडचण त्याच आठवड्यात दूर करा. तुटलेला स्टूल, गेज ठेवायची लांबची जागा, पंखा, अंधारात असलेला इन्स्पेक्शन टेबलचा दिवा, काहीही चालेल. पंधरा जणांनी सांगितले आणि काहीच हलले नाही, तर न विचारलेले परवडले असते अशी अवस्था होते. जे होणार नाही, तेही स्पष्ट सांगा आणि का होणार नाही हेही सांगा.

तिसरी पायरी : शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटे

बहुतेक कारखान्यांत शिफ्ट सुरू होताना छोटी बैठक होते. सुपरवायझर कालचे आकडे वाचतो, एखाद्याला झापतो, सुरक्षिततेची प्रतिज्ञा होते आणि माणसे पांगतात. हीच दहा मिनिटे तुम्हाला वेगळी वापरायची आहेत.

स्वतः बोलायला चार मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नका. त्या चार मिनिटांत आपल्याला नक्की माहीत नसलेली एक गोष्ट रोज सांगा : ‘आज नवी बॅच लागते आहे, तिचा कडकपणा कसा असेल याचा मला अंदाज नाही, टूल लवकर झिजतेय असे वाटले तर पहिल्या तासातच मला सांगा.’ यात खोटा विनय आणू नका. अनिश्चितता खरी असली पाहिजे, आणि कारखान्यात ती रोज असतेच. असे बोलल्याने सांगणे हा आगाऊपणा ठरत नाही, ते कामच होते.

‘समजले ना?’ हा शब्दप्रयोग सोडून द्या. त्याऐवजी एकाला विचारा, ‘तुम्ही हे काम कसे सुरू कराल, क्रमाने सांगा बरे.’ त्याला एखादी पायरी आठवली नाही, तर ‘मी नीट सांगितले नव्हते’ असे म्हणून ती पुन्हा सांगा. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली, तर मनात दहापर्यंत आकडे मोजा. नवा सुपरवायझर तिसऱ्या सेकंदाला घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो, आणि थोडा वेळ गप्प राहिले की साहेब स्वतःच बोलतात, हे माणसे लगेच शिकतात.

शंका अर्धवट बोलली जाते, हेही इथेच लक्षात घ्यायला हवे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ येथील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. केएलएम कंपनीच्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली असताना त्यातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले होते, की समोरचे पॅन अॅमचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का? कॅप्टन कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ आणि इतरांना प्रशिक्षण देणारे वैमानिक होते. त्यांनी ठामपणे सांगितले की झाले आहे. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. या आणि अशा दुर्घटनांनंतर विमान कंपन्यांनी संपूर्ण चालक दलाला एकत्र प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यात कनिष्ठांनी शंका स्पष्ट बोलायला शिकायचे आणि कॅप्टनने ती मागून घ्यायला शिकायचे, अशा दोन्ही बाजू होत्या.

तुमच्या शिफ्टमध्ये या इंजिनिअरसारखी वाक्ये रोज ऐकू येतात. ‘साहेब, हे असेच असते का?’ ‘आवाज थोडा वेगळा वाटतोय, पण असेल काहीतरी.’ ‘तुम्ही म्हणता तसे करतो.’ शेवटचे वाक्य तर जवळजवळ नेहमीच मतभेदाचे असते. ते ऐकले, की हातातले काम थांबवून विचारा, ‘तुम्हाला काय वाटते, ते आधी सांगा.’

चौथी पायरी : बातमी येते तो क्षण

आतापर्यंतची सगळी तयारी या एका मिनिटासाठी होती. पहिल्यांदा कोणीतरी येऊन सांगते, ‘साहेब, माझ्याकडून झाले’, तेव्हा सगळी शिफ्ट पाहत असते. जवळचा माणूस ऐकत असतो, लांबचा तुमचा चेहरा वाचत असतो. तुम्ही त्या मिनिटात जे करता, त्याची बातमी जेवणाच्या सुटीपर्यंत कॅन्टीनमध्ये पोहोचलेली असते आणि तिचा परिणाम पुढची अनेक वर्षे टिकतो.

मी स्वतःसाठी एक क्रम ठरवून पाठ केला आहे, कारण राग आलेला असताना चांगले शब्द सुचत नाहीत. सर्वांत आधी ‘लगेच सांगितलेत, बरे झाले’ असे म्हणायचे. मग ‘कोणाला लागले नाही ना?’ असे विचारायचे. त्यानंतर माल कुठपर्यंत गेला आहे आणि तो कुठे अडवायचा, हे एकत्र ठरवायचे. ‘मी काय करू?’ हा प्रश्न त्याच्यानंतर. काय घडले याची सविस्तर चौकशी माल अडवून झाल्यावर, बसून. ‘कोणी केले?’ हा प्रश्न मी विचारतच नाही. घटनाक्रम नीट ऐकला की ते आपोआप कळते, आणि तोपर्यंत त्याचे महत्त्व कमी झालेले असते. ‘का केले?’ हा प्रश्नही टाळतो, कारण मराठीत तो चौकशीपेक्षा आरोपासारखा ऐकू येतो. ‘त्या वेळी तुम्हाला काय दिसत होते?’ असे विचारल्यावर मिळणारी माहिती कितीतरी पटीने उपयोगी असते.

टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवर दोरी असे. काही खटकले की कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. या पद्धतीचे मूळ टोयोटाच्या जुन्या यंत्रमागाच्या व्यवसायात आहे. साकिची टोयोदा यांचा १९२४ मधला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. आपल्याकडे अनेक कारखान्यांनी ती दोरी, ते दिवे आणि त्यांची बटणे आणली. बटण दाबल्यावर येणारा माणूस कोणत्या चेहऱ्याने यायचा, हे मात्र सोबत आणायचे राहून गेले. बटण दाबल्यावर टीम लीडरने येऊन ‘धन्यवाद, काय झाले?’ असे विचारणे हा त्या यंत्रणेचाच भाग आहे. शंका खोटी निघाली तरी आभार मानायचे असतात, आणि तीच खरी कसोटी असते. माझ्या त्या ऑपरेटरच्या शंकेपायी वाया गेलेली वीस मिनिटे हा विम्याचा हप्ता होता आणि तो मी त्या वेळी मानला नाही, असे आज मला वाटते.

तरीही एखाद्या दिवशी तुमचा तोल जाईल. सलग दोन मशीन बंद, ग्राहकाचा फोन आणि त्यात कोणीतरी येऊन पार्ट उलटा लावल्याचे सांगेल. ओरडून झाले असेल, तर त्याच शिफ्टमध्ये, आणि ज्यांच्यासमोर ओरडलात त्यांच्यासमोरच, माफी मागा. ‘मघाशी मी ओरडलो ते चुकले. तुम्ही सांगितलेत ते योग्य केले’ एवढेच पुरे. ‘पण तुम्हीही जरा’ असे काही त्याला जोडू नका. एकांतात मागितलेली माफी त्या माणसाला पुरते, बाकीच्या चौदा जणांपर्यंत ती पोहोचत नाही.

पाचवी पायरी : चूक कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा

‘मग कोणाला काही बोलायचेच नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक नवा सुपरवायझर विचारतो, आणि तो रास्त आहे. यासाठी चुकांचे तीन प्रकार करा.

पहिला प्रकार अनवधानाचा. थकव्यात, घाईत किंवा सारख्या दिसणाऱ्या दोन पार्टमुळे हात चुकला. इथे माणसाला धीर द्यायचा आणि फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायची चौकट), खूण, प्रकाश किंवा क्रम बदलून तीच चूक पुन्हा करणे अवघड करायचे. ‘यापुढे लक्ष देईन’ असे लिहून घेतल्याने काहीही सुधारत नाही.

दुसरा प्रकार पळवाटेचा, आणि यावर जास्त विचार करायला हवा, कारण बोटे इथेच जातात. पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर) दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये अशी सोय असते. हात डायमध्ये (साच्यात) राहू नयेत हा तिचा हेतू. त्यातले एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेले किंवा सेन्सरसमोर पुठ्ठा लावलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. ते धोकादायक आहे हे ऑपरेटरला ठाऊक असते. त्याला हेही ठाऊक असते की दोन्ही हात वापरले तर तासाचा आकडा पूर्ण होत नाही, आणि आकडा पूर्ण झाला नाही तर ओरडा बसतो. अशा वेळी मशीन तिथल्या तिथे थांबवा, चिकटपट्टी काढा आणि मग त्याला विचारा, की हे न करता खरा आकडा किती येतो? त्याने सांगितलेला आकडा लिहून घ्या आणि तो तुमच्या मॅनेजरकडे घेऊन जा. चिकटपट्टी पाहूनही तुम्ही आजवर पुढे निघून जात होतात, तर त्या पळवाटेला तुमची संमती होती, असेच शिफ्टने धरलेले असते.

तिसरा प्रकार जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईचा : दारू पिऊन कामावर येणे, गंमत म्हणून कोणावर हवेचा पाइप धरणे, न मोजता मापांचे रकाने भरणे. इथे नियमाप्रमाणे कारवाई करा आणि ती सर्वांना सारखी करा. अशा कारवाईमुळे माणसे घाबरून गप्प होत नाहीत. कोणती गोष्ट कोणत्या प्रकारात बसते हे त्यांना आधी माहीत नसेल, तरच ती गप्प होतात. म्हणून हे तीन प्रकार पहिल्याच महिन्यात बैठकीत उदाहरणांसह सांगा.

महिलेच्या लैंगिक छळाची तक्रार मात्र यांपैकी कशातही बसवू नका आणि आपापसांत मिटवण्याच्या फंदात पडू नका. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. ऐकून घ्या, विश्वास दाखवा आणि तक्रार त्या समितीकडे कशी करायची ते सांगा.

सहावी पायरी : जे सर्वांत कमी बोलतात त्यांच्यापाशी थांबा

कायम कामगाराला युनियनचा किंवा निदान सेवेच्या वर्षांचा आधार असतो. कंत्राटी कामगाराला उद्या गेटवरून परत पाठवले जाऊ शकते, आयटीआयमधून आलेल्या शिकाऊ उमेदवाराला वर्षाच्या शेवटी शेरा हवा असतो, आणि बिहार, उत्तर प्रदेश किंवा ओडिशातून आलेल्या मुलाला तुमची मराठी बैठक निम्मीच कळते. तुमचे वागणे कितीही चांगले असले, तरी या माणसांसाठी बोलण्याची किंमत जास्त आहे, हे मान्य करूनच पुढे जा.

बैठकीतली महत्त्वाची वाक्ये हिंदीतही सांगा. शिकाऊ मुलाला जोडीला देताना, वयाने जवळचा आणि स्वभावाने शांत ऑपरेटर निवडा. सर्वांत कुशल माणूस सर्वांत चांगला शिकवणारा असतोच असे नाही. महिन्यातून एकदा हजेरीपटावरची नावे वाचा आणि ज्याने महिनाभरात तुम्हाला एकही गोष्ट स्वतःहून सांगितली नाही, त्याच्या नावापुढे टिंब करा. मग त्याच्या मशीनवर जाऊन दहा मिनिटे त्याचे काम पाहत उभे राहा आणि एखादी खरी शंका विचारा. कंत्राटदाराच्या माणसालाही सांगून ठेवा, की धोका सांगितल्याबद्दल कोणाला बदलून पाठवले, तर तुम्ही त्याचे कारण लेखी मागाल. हे बोललात तर पाळावे लागेल.

सूचनापेटीवर माझा विश्वास उरलेला नाही. कुलूप लावलेली पेटी, किल्ली दुसऱ्या मजल्यावर आणि आत वर्षभराची धूळ, असेच ती बहुतेक ठिकाणी पाहिली आहे. सूचना लेखी घ्यायच्याच असतील तर फळ्यावर घ्या, आणि प्रत्येकीपुढे तिचे काय झाले तेही लिहा.

सातवी पायरी : वर काय आणि कसे सांगायचे

तुमच्या शिफ्टमधला भरवसा बऱ्याचदा सकाळच्या आढावा बैठकीत मोडतो. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘कोणाच्या शिफ्टमध्ये झाले?’ आणि दुसरा, ‘ऑपरेटर कोण होता?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘शिफ्ट माझी होती’ असेच द्या. त्यानंतर लगेच घटनाक्रम, अडवलेला माल आणि केलेला बदल सांगा. ज्याच्याकडे माहिती तयार असते, त्याला नाव विचारण्याची घाई वरच्यांना होत नाही, असा माझा अनुभव आहे. अपवाद असतात, आणि तिथे बोलणी तुम्हाला खावी लागतील. सुपरवायझरच्या पगारात तेही धरलेले आहे असे मी मानतो.

मोठ्या पदावरच्या एका माणसाने हे कसे केले, ते सांगण्यासारखे आहे. अॅलन मुलाली २००६ मध्ये फोर्ड कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात होती. साप्ताहिक आढाव्यात प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवायचा होता, आणि सुरुवातीच्या बैठकांत सगळे तक्ते हिरवे येत. एवढा तोटा होत असताना सगळे कसे हिरवे, असे त्यांनी विचारले. पुढे मार्क फील्ड्स या अधिकाऱ्याने एका नव्या गाडीच्या अडलेल्या उत्पादनापुढे लाल रंग दाखवला. खोली स्तब्ध झाली, आणि मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या. मग ‘यात मदत कोण करू शकेल?’ असे विचारले. त्यानंतर इतरांचे तक्तेही रंग बदलू लागले.

तुमच्या मॅनेजरने टाळ्या वाजवाव्यात, अशी अपेक्षा धरू नका. मात्र आकडा येणार नाही हे तिसऱ्या तासाला दिसत असेल, तर आठव्या तासाची वाट न पाहता कळवा. तुम्ही वर लपवत आहात हे खालच्यांना दिसते, आणि मग तुम्ही त्यांना काय सांगता याला अर्थ राहत नाही.

आठवी पायरी : फरक पडतो आहे का, ते पाहा

एडमंडसन यांनी गटाची मानसिक सुरक्षितता मोजण्यासाठी सात विधानांची प्रश्नावली वापरली. ‘या गटात चूक केली तर ती माणसाविरुद्ध धरली जाते’, ‘या गटात मदत मागणे अवघड आहे’ अशा आशयाची विधाने तीत आहेत. तिचे सोपे मराठी रूप करून तुम्ही वापरू शकता. पण पंधरा माणसांच्या गटात हस्ताक्षर ओळखू येते, म्हणून लिहायला लावू नका, फक्त खुणा करू द्या, आणि कागद गोळा करायला तुमच्याऐवजी दुसऱ्या विभागातले कोणी उभे करा.

रोजच्या कामात मला दोनच नोंदी उपयोगी वाटल्या आहेत. एक, घटना घडल्यापासून ती माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत किती वेळ गेला. दुसरी, निअर मिस, म्हणजे होता होता टळलेले अपघात, किती जणांनी सांगितले. किती झाले हा आकडा दुय्यम आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत या नोंदी वाढतील आणि वरून विचारणा होईल, की तुमच्याच शिफ्टमध्ये एवढे अपघात टळायची वेळ का येते? या विचारणेची तयारी आधीच करून ठेवा. सुरुवातीलाच मॅनेजरला सांगा, की आकडे वाढणार आहेत आणि ते का वाढणार आहेत. वाढलेल्या आकड्याबद्दल एकदा जरी शिफ्टला बोलणी बसली, तरी पुढच्या महिन्यात रजिस्टर पुन्हा कोरे दिसेल.

शिफ्ट बदलताना चार्ज देण्याच्या वहीत साधारणपणे उत्पादन, बंद मशीन आणि शिल्लक माल एवढेच रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवा : आज कोणी, काय, कशाची शंका आली म्हणून थांबवले. शंका खोटी निघाली असेल तरी ती लिहा आणि पुढच्या शिफ्टच्या बैठकीत नावासकट, आभार मानून वाचा. नावासकट वाचण्यापूर्वी त्या माणसाला विचारून घ्या. पहिल्या महिन्यात बरेच जण नको म्हणतील, तेव्हा फक्त मशीनचा नंबर वाचा.